पेटीतले बाळ आणि दाराबाहेरची आई

“बाळाला पेटीत ठेवले आहे” हे वाक्य ज्या घराने एकदा ऐकले आहे, त्या घराला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पेढे आणावयाचे राहून जातात, बारशाचा विषय कोणी काढीत नाही, आणि दूरध्वनी वाजला की सर्वांच्या छातीत धस्स होते. बाळंतीण एका मजल्यावर, बाळ दुसऱ्या मजल्यावर, आणि औषधांची चिठ्ठी हातात घेऊन त्या दोहोंमधला जिना चढणारा-उतरणारा बाप. पूर्ण दिवस भरण्यापूर्वी, म्हणजे ३७ आठवड्यांच्या आत, जन्मलेल्या मुलांची संख्या भारतात २०२० या एका वर्षात सुमारे ३० लक्ष होती. इतकी संख्या जगातील दुसऱ्या कोणत्याही देशात नव्हती. या मुलांच्या औषधोपचारांविषयी पुष्कळ बोलले जाते. परंतु त्या बंद दाराबाहेर बसलेल्या आईचे काय करावयाचे, या प्रश्नाचे उत्तर हाती येण्यास वैद्यकशास्त्राला जवळजवळ शंभर वर्षे लागली. आणि ते उत्तर अजूनही कित्येक रुग्णालयांच्या उंबरठ्याशी अडून बसले आहे.

मुळात ही पेटी आली कोठून? अपुऱ्या दिवसांच्या मुलाच्या अंगावर चरबी जवळजवळ नसते, त्वचा पातळ असते, आणि वजनाच्या मानाने अंगाचा पृष्ठभाग मोठा असतो. त्यामुळे मोठ्या माणसाला सुखकर वाटणाऱ्या खोलीतही ते भराभर गार पडत जाते. पॅरिसमधील प्रसूतितज्ज्ञ स्तेफान तार्निए यांनी तेथील प्राणिसंग्रहालयात कोंबडीची अंडी उबविण्याचे यंत्र पाहिले आणि तशीच उबदार पेटी मुलांकरिता करवून घेतली. १८८०च्या सुमारास ती त्यांच्या प्रसूतिगृहात आली. दोन हजार ग्रॅमहून कमी वजनाच्या मुलांतील मृत्यूचे प्रमाण त्यानंतर शेकडा ६६ वरून ३८ वर उतरल्याची नोंद आहे. गरम पाण्याच्या बाटल्यांवर चालणाऱ्या लाकडी पेटीने एवढे साधले, हे थोडे नव्हे. (जाता जाता एक गोष्ट सांगितली पाहिजे. “सातव्याचे जगते, आठव्याचे जगत नाही” अशी जी समजूत आपल्याकडे ऐकू येते, तिला काडीचाही आधार नाही. गर्भाशयात काढलेला प्रत्येक अधिक आठवडा मुलाच्या पदरी पडतो.)

तार्निए यांचे शिष्य पिएर ब्युदाँ यांना त्या पेटीचा एक दोषही दिसला. १९०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी लिहून ठेवले की, ज्या मुलासाठी आपल्या हातून काही करावे लागले नाही, त्या मुलावरून काही आयांचे मनच उडते. म्हणून त्यांनी पेट्यांना काचा बसविल्या, आयांना आत येऊ दिले आणि अंगावर पाजण्याचा आग्रह धरला. हा शहाणपणा फार काळ टिकला नाही. पुढे या पेट्या अमेरिकेत चक्क जत्रेतील खेळांच्या शेजारी मांडल्या गेल्या. न्यूयॉर्कजवळील कोनी आयलंड येथे मार्टिन कूनी यांनी १९०३ पासून १९४३ पर्यंत अशी जिवंत मुले तिकीट लावून दाखविली. त्या तिकिटांच्या पैशावर त्यांनी मुलांची शुश्रूषा केली आणि आईबापांकडून एक पैही घेतली नाही, ही गोष्ट त्यांच्या बाजूने नमूद करावयास हवी.

रुग्णालयांनी मात्र दारे लावून घेतली. जंतूंचे भय त्यामागे होते, आणि ज्या काळी प्रतिजैविके नव्हती त्या काळी ते भय निराधार म्हणता येत नाही. आईने काचेतून पाहावे, घरी जावे, आणि बोलावणे आले की मूल घेऊन जावे, असा दंडक पडला. पुढे औषधे आली, तरी दंडक तसाच राहिला. आईच्या हातांमुळे मुलाला जंतुसंसर्ग होतो काय, हे प्रत्यक्ष पडताळून पाहण्याचे काम अमेरिकेत स्टॅनफर्ड येथील डॉक्टरांनी केले. हात स्वच्छ धुवून आया आत आल्या, त्यांनी मुलांना स्पर्श केला, आणि संसर्ग वाढला नाही. हा वृत्तांत १९७० साली प्रसिद्ध झाला.

याहून मोठी गोष्ट घडली ती दारिद्र्यापोटी. कोलंबिया देशाच्या बोगोटा शहरातील एका मोठ्या प्रसूतिगृहात पेट्या कमी आणि मुले फार, अशी स्थिती होती. एकेका पेटीत दोन-दोन, तीन-तीन मुले ठेवावी लागत. एकाचा संसर्ग दुसऱ्याला होई. १९७८ साली डॉ. एद्गार रे सानाब्रिया यांनी मुलांना आयांच्या उघड्या छातीवर उभे, बेडकासारखे हातपाय दुमडून, कापडाने बांधून ठेवण्यास प्रारंभ केला, पुढे डॉ. एक्टर मार्टिनेझ त्यांच्या साह्यास आले. कांगारूची मादी आपल्या अपक्व पिलाला पोटाच्या पिशवीत वाढविते, म्हणून या पद्धतीला कांगारूचे नाव मिळाले. अंगावर केवळ टोपी, मोजे आणि लंगोट असलेले मूल आईच्या त्वचेशी टेकले म्हणजे तिची ऊब त्याला मिळते, श्वास घेण्याचा त्याला विसर पडण्याचे प्रसंग कमी होतात, आणि दूध जवळच असते. श्रीमंत देशांनी प्रथम या पद्धतीकडे गरिबांची तडजोड म्हणूनच पाहिले.

ही तडजोड नव्हती, हे पुढे आकड्यांनी सिद्ध झाले. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, मलावी, नायजेरिया व टांझानिया या पाच देशांतील रुग्णालयांत एक प्रयोग योजिला. भारतातील केंद्र दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय होते. एक किलोपासून १ किलो ७९९ ग्रॅमपर्यंत वजनाची ३२११ मुले त्यात होती. प्रचलित रीत अशी की, मूल स्थिरावल्यावर, म्हणजे काही दिवसांनी, ते आईच्या छातीशी द्यावयाचे. प्रयोगातील अर्ध्या मुलांना मात्र जन्मताच दिले गेले, आणि त्याकरिता अतिदक्षता विभागातच आईची खाट टाकली गेली. ती मुले दिवसाकाठी सुमारे १७ तास छातीशी राहिली. इतरांच्या वाट्याला दीड तास आला. अठ्ठावीस दिवसांच्या आत पहिल्या गटातील शेकडा १२ मुले दगावली, दुसऱ्या गटातील १५.७. हा फरक इतका स्पष्ट होता की, प्रयोग मुदतीपूर्वी थांबविण्यात आला. २०२१ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि २०२२ साली संघटनेने आपली शिफारस बदलली. दाराबाहेरच्या त्या बाकावर बसवून ठेवलेली आई म्हणजे न वापरलेले औषध होय, एवढा या आकड्यांचा सरळ अर्थ आहे.

महाराष्ट्राला ही दिशा अपरिचित नव्हती. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिदा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी स्थापन केली. आशिया खंडातील ती पहिली. ज्या आईला स्वतःच्या बाळाची गरज भागून अधिक दूध येते तिचे दूध घेऊन, ते ६२.५ अंश उष्णतेवर अर्धा तास ठेवून जंतुरहित करावयाचे आणि ज्या दुर्बल मुलाच्या आईला अद्याप दूध नाही त्याला द्यावयाचे, असा तो व्यवहार. गडचिरोलीच्या खेड्यांत तर रुग्णालयच दूर. तेथे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांतील ‘आरोग्यदूत’ स्त्रियांना नवजात मुलाची निगा शिकविली, आणि त्यांनी ती घरोघर जाऊन आया-सासवांना शिकविली. तेथील नवजात बालमृत्यूचे प्रमाण काही वर्षांतच हजारी ६२ वरून २५च्या आसपास आले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ने ही हकीकत छापली. थोडेसे शिकलेली आई किती करू शकते, याचा याहून सबळ पुरावा शोधावयास नको.

भारत सरकारनेही २०१७ साली आजारी नवजात मुलाच्या शुश्रूषेत कुटुंबाला सहभागी करून घेण्याची मार्गदर्शिका काढली. दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयातील अनुभव तिच्या पाठीशी होता. तेथे आईबापांना हात धुण्यापासून नळीने दूध देण्यापर्यंत आणि धोक्याची लक्षणे ओळखण्यापर्यंत शिकविले गेले. संसर्ग वाढला नाही, अंगावरचे दूध मिळणाऱ्या मुलांचे प्रमाण वाढले. असे असताना, भरपूर पैसे मोजून शहरातील एखाद्या खाजगी रुग्णालयात गेलेल्या कुटुंबाला दिवसातून पंधरा मिनिटे काचेतून दर्शन मिळावे, हे विपरीतच म्हटले पाहिजे. “आईला आत केव्हा येता येईल? छातीशी केव्हा धरता येईल?” हे दोन प्रश्न पहिल्याच दिवशी विचारण्यात कोणताही उद्धटपणा नाही.

आणखी एक काम पहिल्याच दिवसाचे आहे. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ मुलाला साधारण ३४व्या आठवड्याच्या सुमारास जमू लागतो. तोपर्यंत दूध नळीने द्यावे लागते, म्हणून “बाळ पीतच नाही, मग दूध काढून काय करावयाचे?” असे घरात म्हटले जाते. या समजुतीने अनेकींचे दूध आटले आहे. प्रसूतीनंतर काही तासांतच सुरुवात करून, दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, दूध हाताने वा यंत्राने काढीत राहिले तरच ते वाढते. पहिला पिवळा चीक चमचाभरच निघाला तरी तो टाकू नये. अपुऱ्या दिवसांच्या मुलांत आतड्यांचा जो घातक विकार होतो, तो आईच्या दुधावरील मुलांत डब्याच्या दुधावरील मुलांपेक्षा कमी आढळतो. मध, गुटी वगैरे गोष्टींना या मुलांच्या बाबतीत मुळीच थारा नसावा, मग आग्रह कितीही वडीलधाऱ्या तोंडून येवो.

वडीलधाऱ्यांचा विषय निघालाच आहे. भेटीस आलेली माणसे बाळंतिणीला काय विचारतात? पपई खाल्लीस काय, ग्रहण पाळले नाहीस काय, जिना चढत होतीस काय. पुष्कळशा अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतींचे कारण डॉक्टरांनाही सापडत नाही. पण त्या बाईला मात्र ते तिच्याच कोणत्यातरी चुकीत सापडलेले असते, आणि ती रात्रभर ते उगाळीत बसते. सासूबाईंनी अशा वेळी भेटीला आलेल्यांना दारातच चहा द्यावा आणि तेथूनच निरोप द्यावा, हा खरा आधार. त्यांना आणखीही करता येण्याजोगे आहे. आई थकली की आजीने आणि बापाने आपल्या छातीशी मूल धरावे. ऊब त्यांच्याही अंगी तितकीच असते. बापाला तर हे काम मुद्दाम सांगावयास हवे. त्याची सारी काळजी बिलांत आणि धावपळीत दडून जाते, आणि त्याला कोणी विचारीत नाही. दोन-तीन आठवडे उलटल्यावरही आई गप्पच राहते, जेवत नाही, मुलाकडे पाहण्यास भिते, असे दिसले तर ते हळवेपण म्हणून सोडून न देता डॉक्टरांच्या कानी घालावे. बाळंतपणानंतरची उदासी हा उपचाराने बरा होणारा आजार आहे.

मूल घरी आले की जबाबदारी रुग्णालयाकडून घराकडे येते, आणि तीत एका तारखेचे महत्त्व फार आहे. दोन किलोहून कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या मुलाच्या डोळ्यांचा पडदा जन्मापासून ३० दिवसांच्या आत नेत्रतज्ज्ञाकडून तपासून घ्यावा लागतो. फारच लहान मुलांचा दोन-तीन आठवड्यांतच. या पडद्याचा विकार बाहेरून दिसत नाही, त्याला वेदना नाहीत, आणि वेळेवर लेसर किंवा अन्य उपचार झाले तर बहुतेकांची दृष्टी वाचते. तारीख रुग्णालयातून सुटतेवेळी मिळालेल्या कागदावर लिहिलेली असते. ज्या आईने महिनाभर त्या कक्षात बसून वजनाचा तक्ता स्वतः भरला, तिला तो कागद कपाटात कोठे ठेवला आहे हे विचारावे लागत नाही.