वाट पाहणारा सर्व्हर



जानेवारी २०१९ मध्ये याच यवतमाळात ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं आणि अरुणा ढेरे अध्यक्षस्थानी होत्या. त्यामुळे अध्यक्षीय भाषण म्हटलं की इथल्या श्रोत्यांची अपेक्षा त्या उंचीची असणार. म्हणून आधीच सांगून टाकतो. मी प्रोग्रॅमर आहे, आणि आज एकाच गोष्टीवर बोलणार आहे: पायथनमध्ये लिहिलेलं वेब ॲप्लिकेशन रखडायला लागलं, की आधी कुठे बघायचं.

आपल्या खेड्यापाड्यांत सर्व्हर ही चीज घरोघरी पोचली ती २०१७ साली. छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन भरायचे होते आणि सेवा केंद्रांसमोर माणसं ताटकळत होती. ती यंत्रणा कोणत्या भाषेत लिहिली होती, याच्याशी रांगेतल्या माणसाला काही कर्तव्य नव्हतं. आजही नाही. पण आपल्याला आहे, आणि गंमत अशी की ॲप रखडलं की आपणही भाषेवरच घसरतो. "पायथनच स्लो आहे हो, दुसऱ्या कशात तरी लिहून काढू." दुसरा म्हणतो, मोठा सर्व्हर घ्या. तिसरा म्हणतो, नवी आवृत्ती टाका.

तिसऱ्याचं आधी घेऊ, कारण त्याच्याकडे निदान आकडा आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेलं पायथन ३.११ हे ३.१०पेक्षा सरासरी सव्वापट वेगवान आहे. काम मोठं आहे, शंका नाही. पण समजा तुमचं पान उघडायला ४ सेकंद लागतात आणि त्यातले ३.६ सेकंद डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहण्यात जातात. पायथनच्या वाट्याला राहिले ०.४ सेकंद. ते सव्वापट वेगाने केले तर ०.३२ होतील. पान उघडेल ३.९२ सेकंदांत. कुणाच्या लक्षातही येणार नाही.

माझं सगळं म्हणणं या हिशोबात आहे. वेब ॲप्लिकेशन बहुतेक वेळा कामाने दमलेलं नसतं, ते कुणाची तरी वाट पाहत बसलेलं असतं. कुणाची, ते शोधायचं.

एक उदाहरण जरा जवळून पाहू. एका कापूस खरेदीदाराची प्रणाली. नावाची गरज नाही. जँगो, मागे पोस्टग्रेस, पुढे गनिकॉर्न. यंत्र दोन कोअरचं, म्हणून गनिकॉर्नच्या शिफारशीप्रमाणे कोअरच्या दुप्पट अधिक एक, असे पाच वर्कर. पावसाळाभर सगळं सुरळीत. डिसेंबर उजाडला, सकाळी अकराच्या सुमारास जिनिंगच्या फाटकात गाड्या लागल्या, की काटापट्टीच्या पानावर चक्र फिरत राहायचं. मालकांनी मोठ्या सर्व्हरचे दर मागवूनही ठेवले होते.

सीपीयू पाहिला तर दहा टक्क्यांच्याही खाली. बाहेर माणसं खोळंबलेली आणि आत यंत्र रिकामं! असं दिसलं की मोठ्या सर्व्हरचा विषय तिथेच संपवावा. रिकाम्या यंत्राच्या जागी आणखी मोठं रिकामं यंत्र आणून काय मिळणार?

पहिला दोष नेहमीचा निघाला. दिवसभराच्या काटापट्ट्यांची यादी, दोनशे नोंदी. यादी आणायला एक क्वेरी. मग प्रत्येक पट्टीसाठी शेतकऱ्याचं नाव आणायला एक, गावासाठी एक, बँकेसाठी एक. एकूण ६०१. एकेक क्वेरी ३ मिलिसेकंदांची, म्हणजे वाघासारखी चपळ, म्हणून संथ क्वेरींच्या लॉगमध्ये एकही सापडत नव्हती. बेरीज मात्र १.८ सेकंद. जँगोत 'सिलेक्ट रिलेटेड' लिहिलं, ६०१ची एक झाली.

हा दोष इतका सर्रास का आढळतो? जँगो जन्मलं ते अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स नावाच्या गावच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत. २००३ साली एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी ते लिहायला घेतलं, जुलै २००५ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. बातमीदाराने दुपारी मागितलेलं पान संध्याकाळी उभं राहिलं पाहिजे, ही त्याची गरज. ज्या यवतमाळातून १९१८ साली बापूजी अण्यांनी 'लोकमत' काढलं, त्या गावाला ही घाई समजावून सांगायला नको. पान झटपट लिहिता यावं म्हणून जँगो डेटाबेस नजरेआड करतं. 'पट्टी डॉट शेतकरी डॉट गाव' असं लिहिलं की झालं. त्या दोन टिंबांमागे दोन क्वेरी धावतात, हे लिहिणाऱ्याला दिसत नाही. आणि त्याच्या लॅपटॉपवर असतात चाचणीच्या वीस नोंदी, त्यामुळे जाणवतही नाही.

यादी सुधारली, तरी अकरा वाजता खोळंबा कायमच. कारण दुसरा दोष पट्टी जतन करताना होता. तिथे 'पाय-स्पाय' कामी आलं. हे साधन चालू असलेल्या पायथन प्रक्रियेत बाहेरून डोकावतं. कोड बदलावा लागत नाही की सर्व्हर बंद करावा लागत नाही. पायथनसोबत २००६पासून येणारं सी-प्रोफाइल चांगलंच आहे, पण ऐन हंगामात, चालू सर्व्हरवर ते लावायला छाती लागते, शिवाय त्याचा स्वतःचाच भार मोजमापात मिसळतो. पाय-स्पायला विचारलं, आत्ता या क्षणी कोण कुठे आहे? पाचही वर्कर एकाच ओळीवर उभे. शेतकऱ्याला एसएमएस पाठवणाऱ्या सेवेच्या उत्तरासाठी.

पाच काटे आहेत, आणि पाचही काटेवाले फोन कानाला लावून पलीकडच्या 'हॅलो'ची वाट पाहत आहेत. मागे गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत. हुबेहूब तसंच. एसएमएसचं उत्तर यायला ४ सेकंद लागत असतील, तर पाच वर्कर मिळून मिनिटाला ७५ पट्ट्यांपलीकडे जाऊच शकत नाहीत, यंत्र कितीही मोठं घ्या. आणि पायथनच्या 'रिक्वेस्ट्स' लायब्ररीला टाइमआउट सांगितला नाही, तर ती स्वतःहून कधीच कंटाळत नाही.

खरा घोळ याच्याही पुढे होता. ३० सेकंद झाले की गनिकॉर्न अडकलेल्या वर्करला मारून टाकतं. पट्टी तोवर डेटाबेसमध्ये जतन झालेली असते, पण ऑपरेटरला दिसते फक्त त्रुटी. तो बिचारा पुन्हा बटण दाबतो. एकाच गाडीच्या दोन पट्ट्या! म्हणजे वेगाची तक्रार बघता बघता हिशोबाची होते. खरेदीदाराचा मुनीम रात्री बसून जुळवाजुळव करतो आणि संशय भलत्यावरच घेतला जातो. एसएमएसचं काम सेलरी या मागच्या मागे कामं उरकणाऱ्या साधनाच्या रांगेत टाकलं, टाइमआउट लावला, एकाच गाडीची पट्टी दुसऱ्यांदा नाकारणारी अट डेटाबेसमध्येच घातली. त्याच दोन कोअरच्या यंत्रावर उरलेला हंगाम निघाला.

असं डोकावण्याचं एक उत्तम साधन आपल्या मुंबईतही घडलं आहे, याचा मला फार अभिमान वाटतो. फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे पायथनमध्ये लिहिलेलं मुक्त सॉफ्टवेअर, रुशभ मेहता यांनी सुरू केलेलं. त्यात 'रेकॉर्डर' नावाची सोय आहे. ती चालू करायची, रखडणारं पान उघडायचं, बंद करायची. त्या पानाने किती क्वेरी केल्या, प्रत्येकीला किती वेळ लागला, कोडच्या कोणत्या ओळीतून ती निघाली, आणि तीच क्वेरी किती वेळा पुन्हा धावली, सगळं समोर. यातला शेवटचा रकाना मला सर्वांत मोलाचा वाटतो. वर सांगितलेल्या ६०१ क्वेरी त्यात लपूच शकल्या नसत्या.

सरासरीबद्दल थोडं. शंभर विनंत्यांपैकी ९५ जणांना उत्तर ०.२ सेकंदांत मिळतं, पाच जणांना १२ सेकंदांत. सरासरी येते ०.७९. अहवालात छान दिसते. पण ते पाच कोण, हे पाहा. ज्याच्या खात्यात सर्वाधिक नोंदी, त्याचंच पान सर्वांत जड. म्हणजे प्रणाली सर्वांत जास्त वापरणाऱ्यालाच ती सर्वांत वाईट वागवते, आणि सरासरी त्यावर पांघरूण घालते. म्हणून शंभरातल्या ९५ आणि ९९ विनंत्यांना किती सेकंदांत उत्तर मिळतं, तो आकडा मागावा.

आणि झरी जामणीच्या केंद्रावरून तक्रार आली, तर सर्व्हरला हात लावण्याआधी तिथल्या माणसाला ब्राउझरमधला नेटवर्कचा टॅब उघडायला सांगावं. वेळ सर्व्हरच्या पहिल्या उत्तराला लागतोय की दोन-तीन एमबीचं पान उतरायला, हे तिथे वेगवेगळं दिसतं. दुसरं असेल तर पोस्टग्रेसच्या इंडेक्सवर रात्र जागवण्यात अर्थ नाही.

परिषदेपुढे दोन सूचना ठेवतो. पहिली महाविद्यालयांसाठी. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाची तोंडी परीक्षा वीस नोंदींवर घेऊ नका. लाखभर बनावट नोंदी भरायला लावा आणि मग पान उघडायला सांगा. दुसरी कंत्राटं देणाऱ्यांसाठी. 'प्रणाली वेगवान असावी' असं लिहून काही होत नाही. हंगामाइतक्या नोंदी, हंगामाइतके एकाच वेळचे वापरणारे, आणि त्या स्थितीत शंभरातल्या ९५ विनंत्यांना किती सेकंदांत उत्तर, हे तीन आकडे करारात लिहा. मग भाषा कोणतीही असू द्या.

दुपारच्या सत्रात पाय-स्पायचं प्रात्यक्षिक आहे, मुद्दाम बिघडवलेल्या ॲपवर. दोष कुठे घातलाय हे मलाही सांगितलेलं नाही. जेवणानंतर वीज जाण्याचा संभव आहे असं संयोजक सांगतात, तेव्हा लॅपटॉप आत्ताच चार्जिंगला लावून ठेवा.