दार बाहेर उघडतं तेव्हा
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेलं भाषण)

गेल्या महिन्यात आपण चौदा जण फिल्म क्लबच्या छोट्या थिएटरात ‘डबल इन्डेम्निटी’ बघून आलो. सेक्रेटरी म्हणाले, “काका, तुम्ही विम्यात होतात, तुम्हीच बोला.” म्हणून उभा आहे.

बिली वाइल्डरचा हा १९४४चा सिनेमा. विमा एजंट आणि एका गिऱ्हाइकाची बायको मिळून नवऱ्याच्या नकळत त्याची अपघात पॉलिसी काढतात आणि त्याला मारतात. रेल्वेत अपघाती मृत्यू आला तर रक्कम दुप्पट, म्हणून प्रेत रुळावर टाकतात. खुनी कोण हे सुरुवातीलाच कळतं, तरी शेवटपर्यंत कुणी हललं नाही. अशा सिनेमांना फ्रेंच समीक्षकांनी १९४६च्या सुमारास ‘फिल्म न्वार’, म्हणजे काळा सिनेमा, असं नाव दिलं. खिडकीच्या पट्ट्यांच्या सावल्या माणसाच्या अंगावर गजांसारख्या पडतात, ते आठवत असेल.

एक गंमत. ती बाई एजंटच्या फ्लॅटच्या दारामागे लपते, कारण दार पॅसेजमध्ये उघडतं. आपल्याकडे जाळीचं सेफ्टी डोअर सोडलं तर मुख्य दार आतच उघडतं. बाहेर उघडणारं बसवलंत तर कमिटीची नोटीस येईल! वाइल्डरने मात्र प्रसंगासाठी खुशाल बसवलं.

पण मी अडकलो तो कीज या क्लेम्स मॅनेजरपाशी. त्याचा साहेब म्हणतो, ही आत्महत्या आहे, पैसे देऊ नका. कीज त्याला आत्महत्यांचे तक्ते घडाघडा म्हणून दाखवतो आणि विचारतो, इतक्या हळू चालणाऱ्या गाडीतून उडी मारून कोण जीव देतं?

मी एकोणतीस वर्षं क्लेममध्ये काढली. एकदा लोकलमधून पडलेल्या माणसाची फाइल आली. पॉलिसी दोन महिन्यांची. मी शेरा मारला, ‘आत्महत्येची शक्यता’. तक्ता नाही, काही नाही, नुसता संशय. फाइल वीस महिने लटकली. मग डब्यातला एक प्रवासी साक्षीला आला : गर्दीत हात सुटला होता. क्लेम मंजूर झाला. बाई व्हाउचरवर सही करायला आल्या, पोरगी कडेवर. सही कुठे करायची तेवढंच विचारलं. मी बोट दाखवलं. शेरा माझा होता, हे त्यांना सांगितलं नाही.

थिएटरच्या अंधारात तेच आठवत होतं. हिने विचारलं, “डोळ्यांत काय गेलं?”

असो. पुढच्या महिन्यात ‘द थर्ड मॅन’ आहे. यायचं असेल त्यांनी वॉचमनकडच्या वहीत नाव लिहा, फ्लॅट नंबरसकट.