मानपान आणि माणुसकी

(जीर्णोद्धार समितीच्या वतीने मंदिराच्या प्रांगणात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देवळाचे काम पूर्णत्वास येत आहे. गाभारा जुन्या दगडाचाच ठेवून सभामंडप नवा उभा राहिला, फरशी बसली, शिखराला रंग लागला. आता कलशारोहण तेवढे उरले. अशा मंगल प्रसंगी पारावरच्या वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडून एक वाक्य हमखास ऐकू येते : "देऊळ नवे झाले, पण माणसे पूर्वीची राहिली नाहीत." पूर्वी वडील माणूस समोरून आला तर पोरगा विडी पाठीमागे लपवीत असे. आता मोटारसायकल अंगावरून जाते आणि साधा रामरामही होत नाही. ही तक्रार खोटी नाही. परंतु ती पुरती खरीही नाही, म्हणून तिचा थोडा विचार करावयास हवा.

जुन्या रीतीतले चांगले पाहावयाचे तर देवळातील पंगत आठवावी. जमिनीवर पत्रावळी, बाजूला द्रोण, कमरेला पंचा गुंडाळलेले वाढपी. शेवटच्या पानावर भात-आमटी पडून श्लोक होईपर्यंत कोणी घासाला हात लावीत नसे. एखादे पोर चुळबुळू लागले तर आजी डोळे वटारी. जेवण आटोपले तरी शेजारच्याचे व्हायचे असल्यास माणूस बसून राही. भूक लागलेली असताना दुसऱ्याच्या रिकाम्या पानासाठी थांबावयाचे, हे शिक्षण गावातील अडाणी म्हणविणाऱ्या माणसालाही मिळालेले होते. आज लग्नकार्यात ताटली हातात घेऊन एकाच भांड्याभोवती जी रेटारेटी होते आणि नंतर निम्मे अन्न टोपलीत पडते, ते पाहिले म्हणजे पंगतीची किंमत कळते. (उभ्याने जेवण्यास दोष नाही. गुडघे धरलेल्या माणसाला टेबल-खुर्ची सोयीचीच. दोष रेटारेटीचा.)

पण त्याच पंगतीची दुसरी बाजूही वडीलधाऱ्यांना चांगली ठाऊक आहे. एक पंगत मंडपात बसे, दुसरी लांब झाडाखाली. काही घरांच्या वाट्याला तर पानच नसे. सर्वांचे झाल्यावर उरलेले अन्न त्यांच्या भांड्यात वरून घातले जाई. पाटलांच्या दहा वर्षांच्या मुलाला 'अहो' आणि वेशीबाहेरच्या सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला 'अरे', असा त्या काळचा अदबीचा हिशेब होता. अदब होती खरी, पण ती माणसाचे घर पाहून मोजून दिली जात असे.

देवळाच्या दारातही हाच हिशेब चाले. पंढरपुरास महाद्वारासमोर नामदेव पायरीजवळ चोखोबांची समाधी आहे. ज्याची भक्ती सर्व संतांनी मान्य केली, त्याला हयातीत आत प्रवेश नव्हता. नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला, तो १९३५ पर्यंत चालला, तरी दार उघडले नाही. पंढरीचे दार सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. पुढे १९५५ साली कायदा झाला. १९७६ पासून तो नागरी हक्क संरक्षण अधिनियम या नावाने ओळखला जातो. तेव्हा 'पूर्वीची माणसे' असे म्हणताना हेही ध्यानात असावे. आज नव्या मंडपात कोणाचेही मूल कोणाच्याही मांडीला मांडी लावून बसते. त्या मुलाने रामराम केला नसेल, पण शेजारी कोण बसला आहे हेही त्याने विचारलेले नसते. वडील मंडळींनी त्याच्या खाती एवढे तरी जमा धरावे.

आपल्याच परंपरेत याहून चांगला धडा आहे आणि तो वारीत पाहावयास मिळतो. दोन वारकरी भेटले की दोघेही वाकतात. लहान-मोठा, जात-पात, शेत किती एकर, काही विचारावयाचे नाही. दोघेही एकमेकांस माऊली म्हणतात. पंढरीच्या वाटेवर पंधरा-वीस दिवस जे जमते, ते गावी परतल्यावर चावडीपुढे का जमत नाही, हे मात्र कोडेच आहे.

नव्या काळाचे दोषही सांगावयास हवेत. कीर्तन रंगात आले असताना खिशातला मोबाईल वाजतो, आणि तो उचलून तेथेच मोठ्याने बोलणारा माणूस बहुधा तरुण नसून चांगला पन्नाशीचा असतो. ध्वनिवर्धकासाठी २००० सालापासून नियम आहेत. सर्वसाधारणपणे रात्री दहा ते सकाळी सहा तो बंद ठेवावयाचा. दहावीच्या परीक्षेला बसलेले पोर आणि दम्याने बसून रात्र काढणारी म्हातारी यांच्यासाठी तो बंद करावयास पोलीस पाटलाने यावे लागू नये. सरकारी कचेरीच्या खिडकीशी तर दोन्ही काळांचे दोष एकत्र भेटतात. उताऱ्याची पिशवी काखेत धरून उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला डावलून ओळखीचा माणूस बाजूच्या दाराने आत जातो, आणि खिडकीतून म्हाताऱ्याला 'उद्या या' एवढेही नीट सांगितले जात नाही. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने कामाच्या मुदती ठरल्या, ही मोठी सोय झाली. 'बसा बाबा, पाणी घ्या' हे शब्द मात्र कोणत्याही परिपत्रकात बसणारे नाहीत.

आता एका नाजूक गोष्टीकडे वळणे भाग आहे. जुन्या पत्रांत मायन्याला मोठा मान असे. तीर्थरूप, चिरंजीव, सौभाग्यवती. आणि जिचे कुंकू गेले तिला 'गं. भा.' दोन पवित्र नद्यांचे नाव द्यावयाचे आणि त्याच बाईला हळदीकुंकवाला, ओटी भरण्याला, लेकाच्या हळदीलासुद्धा मागच्या दाराशी उभे करावयाचे. शब्द गोड आणि वागणूक कडू, असा तो प्रकार. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातील हेरवाड या गावाने मे २०२२ मध्ये ठराव करून पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या चाली बंद केल्या. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. हा ठराव कोणा मोठ्या शहराने केलेला नाही, आपल्यासारख्याच ऊस-सोयाबीन पिकविणाऱ्या एका खेड्याने केला आहे.

या देवळाच्या देणगीच्या पावत्या पाहिल्या तर त्यांत धुणी-भांडी करून, शेतमजुरी करून पैसे देणाऱ्या विधवा भगिनींची नावे आहेत. कोणी शंभर दिले, कोणी पाचशे. सभामंडपाच्या भिंतीवरील संगमरवरी पाटीवर ती येणार नाहीत, कारण पाटीसाठी रक्कम ठरलेली आहे. त्याबद्दल कोणाची तक्रारही नाही. बांधकाम चालू असता पाण्याचे हंडे ज्यांनी वाहिले, त्यांतही त्या होत्या. त्या हंड्याच्या पाण्याने कालविलेला चुना-सिमेंट शिखरापर्यंत गेला, तेव्हा कोणी शकुन-अपशकुन पाहिला नाही.

कलशारोहणाच्या दिवशी वेशीपासून देवळापर्यंत डोक्यावर कलश घेऊन चालणाऱ्या महिलांची यादी अद्याप व्हावयाची आहे. दरवर्षीच्या उत्सवात त्या यादीच्या माथ्यावर 'सुवासिनी' असे लिहिण्याची चाल आहे. या वेळी काय लिहावयाचे, हे समितीने आणि त्याहून अधिक घरोघरच्या सासवांनी ठरवावयाचे आहे. यादी शनिवारच्या आरतीनंतर मंडपातच लिहावयास घेणार आहेत.