पाच वाजताचा अलार्म आणि टिटवीची चार अंडी

आवाज नीट येतोय ना?

कुणी आत्ता एसटीत असेल, कुणी अभ्यासिकेत एका कानात इअरफोन घालून बसलं असेल. असू द्या. आजचा विषय तुम्हीच मागितलेला आहे. मला सगळ्यात जास्त येणारा मेसेज म्हणजे, "दादा, पहाटेचे फोटो साध्या मोबाईलवर कसे काढतोस?" आज ते सांगतोच. पण त्याच्यासोबत एक गोष्ट सांगायची आहे, जी मी बरेच दिवस टाळत होतो. ती माझ्या चुकीची आहे.

आधी उठण्याचं बघू.

आमच्या घरी पहाटे उठणं ही काही मोठी गोष्ट नाही. शेतीच्या मोटारीला लाईट आठवडाभर दिवसा, आठवडाभर रात्री. रात्रपाळी असली की अण्णा बॅटरी घेऊन दोन-तीनला मळ्यात जातात, दारं धरतात आणि उजाडता घरी येतात. मी पहिल्यांदा पाचचा अलार्म लावून निघालो, तेव्हा ते दारातच भेटले. म्हणाले, "कुठं चाललास?" म्हटलं, "फोटो काढायला." ते एवढंच म्हणाले, "बरं हाय बाबा. आम्ही पाण्यासाठी जागायचं आन् तू फोटोसाठी."

लागलं मला ते. पण गेलो.

आता वेळेचा हिशोब. आपल्या घड्याळाची वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची आहे, उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळची. जालना आहे साधारण ७६ अंशाजवळ. प्रत्येक अंशाला चार मिनिटं धरा. म्हणजे आपला सूर्य घड्याळापेक्षा पंचवीस-सव्वीस मिनिटं मागं चालतो. म्हणून जानेवारीत आपल्याकडं सूर्य उगवायला सात वाजून जातात आणि जूनच्या सुरुवातीला पावणेसहालाच तो वर येतो. नागपूरवाल्या मित्राची वेळ पाहून निघालात तर बारा-तेरा मिनिटं आधी पोचाल. तेही चांगलंच, कारण खरी मजा सूर्य दिसण्याच्या आधीच्या वीस-पंचवीस मिनिटांत असते. आभाळ निळं-जांभळं असतं आणि सावल्या नसतात.

सूर्य वर आला की सोनेरी उजेड. तो असा का, तर सूर्य खाली असताना किरणांना हवेच्या जास्त लांब थरातून यावं लागतं. निळा प्रकाश वाटेतच विखुरतो, तांबूस-पिवळा आपल्यापर्यंत पोचतो. तासाभरात हे संपतं. मग तोच बांध, तीच बाभळ, पण फोटो पांढराफटक.

मोबाईलचं म्हणाल तर चार गोष्टी. पहिली, लेन्स पुसा. खिशातल्या मोबाईलच्या लेन्सवर बोटाचं तेल असतं आणि उगवत्या सूर्यासमोर ते धुक्यासारखं दिसतं. सुती रुमाल पुरे. दुसरी, स्क्रीनवर आभाळाच्या उजळ भागावर बोट दाबून धरा. बहुतेक मोबाईलमध्ये तिथं फोकस आणि उजेड लॉक होतो. मग बोट खाली ओढून उजेड थोडा कमी करा, रंग उडणार नाहीत. तिसरी, हात थरथरत असेल तर मोबाईल गाडीच्या सीटवर किंवा बांधावरच्या दगडावर टेकवा. चौथी, बोटांनी झूम करू नका. साध्या मोबाईलमध्ये तो झूम म्हणजे फोटो कापून मोठा करणं. लांबचा पक्षी लांबच राहू द्या, त्याच्याभोवतीचं तळं दाखवा.

जागा? जालनेकरांना घाणेवाडीचा तलाव माहीत आहे. कुंडलिकेवरचा, निजामाच्या काळातला. २०१२-१३ च्या दुष्काळात आपण काय पाहिलं ते घरातल्या मोठ्यांना विचारा. मोसंबीच्या बागा वाळल्या, प्यायला टँकर. याच तलावातला गाळ लोकांनी वर्गणी काढून उपसला आणि शेतकऱ्यांनी तो शेतात नेला. हिवाळ्यात पहाटे अशा पाण्यावर वाफ तरंगते. रात्री हवा लवकर थंड होते, पाणी उशिरा. त्या वाफेत एक पाय दुमडून उभा असलेला राखी बगळा दिसला ना, की उठल्याचं सार्थक होतं.

आता ती गोष्ट. ती दुसऱ्या एका तळ्याची आहे. कोणत्या ते सांगणार नाही, का ते पुढं कळेलच.

मे महिना होता. तळं आटत आलेलं, काठाला भेगा पडलेल्या. मी सूर्योदय काढत चाललो होतो, तेवढ्यात टिटवी डोक्यावर येऊन ओरडायला लागली. गोल फिरायची, खाली झेप घ्यायची, परत ओरडायची. पायाकडं पाहिलं तर खड्यांमध्ये चार अंडी. मातकट, वर काळे ठिपके. घरटं असं काही नाहीच, चार खडे बाजूला सारून केलेली जागा.

मला काय आनंद झाला सांगू! मी तिथंच पालथा पडलो. मोबाईल अंड्यांपासून हातभर. पाऊण तास फोटो काढले. टिटवी पूर्ण वेळ ओरडत होती आणि मला वाटत होतं, वा, काय ॲक्शन मिळतेय! नंतर एक फोटो गावच्या ग्रुपवर टाकला, जागेच्या पत्त्यासकट. लिहिलं, 'बघायला या.'

लोक आले. दुसऱ्या दिवशी तीन गाड्या होत्या. पोरांनी सेल्फी काढले. त्यांना कसा बोलणार, आमंत्रण माझंच होतं.

तिसऱ्या दिवशी पहाटे गेलो. टिटवी ओरडत नव्हती. दोन अंडी गायब, दोन फुटलेली. मातीत कुत्र्याची पावलं होती, पण आमच्या बुटांचे ठसे त्याहून जास्त.

घरी आजीला सांगितलं. आपल्याकडं टिटवीच्या अंड्यांवरून पावसाचा अंदाज बांधतात. उंचावर घातली तर पाऊस जास्त, खोलगट जागी घातली तर कमी, चार अंडी म्हणजे चार महिने पाऊस. आजीनं आधी तेच विचारलं, "उंचावर होती का खाली?" मग फुटल्याचं ऐकून गप्प झाली. थोड्या वेळानं म्हणाली, "ती वरडत होती ते तुला कळलं न्हाई व्हय?"

खरंच कळलं नव्हतं. नंतर वाचलं तेव्हा समजलं. टिटवीचे नर-मादी दोघं आळीपाळीनं अंड्यांवर बसतात, जवळपास चार आठवडे. मे महिन्यात आपल्याकडं पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा ते बसतात ते अंडी उबवायला कमी आणि उन्हापासून वाचवायला जास्त. पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवतात आणि ओल्या पोटानं अंड्यांवर येऊन बसतात. मी पाऊण तास तिथं पडून होतो म्हणजे पाऊण तास अंडी उघडी होती. मग पुढचे लोक, मग ऊन, मग कुत्रं.

आणि कायदा बघा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणंही येतं. माझ्या हातात बंदूक नव्हती, मोबाईल होता.

त्यानंतर मी काही गोष्टी ठरवल्या. पक्षी ओरडायला लागला की तो माझ्याशी बोलतोय असं समजायचं आणि आल्या पावली मागं फिरायचं. घरट्याचा फोटो काढायचा नाही, चुकून निघाला तर कुठंही टाकायचा नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद ठेवायचं, कारण फोटोच्या आत जागा नोंदली जाते. आणि नोंद करायचीच तर ई-बर्डवर करायची. तिथं जगभरचे लोक पाहिलेल्या पक्ष्यांची यादी देतात, ती अभ्यासाला उपयोगी पडते आणि ज्या जातींना जास्त धोका आहे त्यांची नेमकी जागा ते लपवतात.

पुढच्या मे महिन्यात मी परत त्याच तळ्यावर गेलो. लांब, बांधावरच्या बाभळीखाली बसलो. टिटवी दिसली, ती ओरडली नाही. एका सकाळी तिच्या मागं मातीच्या रंगाचे तीन ठिपके पळताना दिसले. पिल्लं! टिटवीची पिल्लं अंड्यातून निघाली की काही तासांतच पळायला लागतात. मी फोटो काढला. त्यात टिटवी बोटाच्या नखाएवढी आणि पिल्लं शोधावी लागतात.

तो फोटो ग्रुपवर टाकला नाही. जालन्याला जाऊन छापून आणला. आजीनं चष्मा लावून एक-एक पिल्लू मोजलं. अण्णा रात्रपाळीवरून आले होते, त्यांनीही पाहिला. म्हणाले, "आपल्या मळ्यातबी हाय एक, विहिरीकडच्या पट्टीत. तेवढी पट्टी नांगरायची ठेवलीय मी."

मी त्यांना शिकवायला निघालो होतो, आणि ते रात्री अंधारात, बॅटरीच्या उजेडात, वळसा घालून जात होते.

तर मंडळी, उद्या पाचचा अलार्म लावा. लेन्स पुसा. आणि कुणी ओरडलं, तर मागं फिरा. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या.