दोष वायफायचा, केबलवाल्याचा की आपला?

आजचा विषय घरगुती आहे आणि थोडा लाज वाटण्यासारखासुद्धा, कारण यात गाढव मीच ठरलो.

आमच्याकडे, डोंबिवलीत, अजून जुनी केबल आहे. म्हणजे टीव्हीची जी काळी जाड वायर येते ना, त्याच वायरमधून इंटरनेट. यंदा जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि नेट दिवसातून आठ-दहा वेळा जायला लागलं. दोन मिनिटं जायचं, परत यायचं. बहिणीची ऑनलाइन मुलाखत अर्ध्यात तुटली तेव्हा ती रडायची बाकी राहिली होती. मी केबलवाल्या दादाला फोन लावला आणि नको नको ते बोललो. तो बिचारा एवढंच म्हणाला, "साहेब, तुमच्या बिल्डिंगमधून दुसरी कंप्लेंट नाहीये."

हे वाक्य महत्त्वाचं होतं. मी ते ऐकलंच नाही. त्याऐवजी महागडा राउटर घ्यायला निघालो होतो.

रात्री डोकं शांत झाल्यावर जे ऑफिसात रोज करतो तेच केलं. लॅपटॉपवर दोन खिडक्या उघडल्या. एकीत राउटरला सतत पिंग, म्हणजे १९२.१६८.१.१ ला (तुमच्याकडे शेवटचे आकडे वेगळे असू शकतात). दुसरीत ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या जगाला. नेट गेलं तेव्हा राउटर दोन-तीन मिलिसेकंदांत व्यवस्थित उत्तर देत होता, बाहेरचा मात्र गप्प. म्हणजे वायफाय निर्दोष. नवा राउटर घेतला असता तर पैसे पाण्यात.

मग मॉडेम. केबल मॉडेमचं स्वतःचं एक पान असतं, बहुतेक मॉडेममध्ये १९२.१६८.१००.१ वर. तिथे येणाऱ्या सिग्नलची ताकद दिसते. ती शून्याच्या आसपास हवी, उणे सात ते अधिक सात असली तरी निवांत. माझी उणे तेरा. दुसरा आकडा एसएनआर, म्हणजे गोंगाटाच्या मानाने आवाज किती स्पष्ट. तो ३३ च्या वर असावा, माझा २९. आणि मॉडेम उलट दिशेला पाठवतो ती ताकद ५२. हा आकडा पन्नाशीच्या वर गेला की समजायचं, मॉडेम बेंबीच्या देठापासून ओरडतोय आणि पलीकडे नीट ऐकू जात नाहीये. लॉगमध्ये टी-३ टाइमआउटच्या ओळीच ओळी. त्याचा अर्थ हाच: हाक मारली, वेळेत ओ आली नाही.

आता वायरच्या मागे मागे गेलो. खिडकीच्या छज्जाखाली स्प्लिटर सापडला. त्यातून एक वायर हॉलच्या टीव्हीला, दुसरी आणखी एका स्प्लिटरला. हा दुसरा बाबांनी बेडरूमच्या टीव्हीसाठी लावलेला. तो टीव्ही भंगारात जाऊन चार वर्षं झाली, पण स्प्लिटर तिथेच, एक तोंड उघडं, पाऊस पितोय. कनेक्टर फिरवला तर आतून हिरवा गंज निघाला.

हिशोब साधा आहे. दोन तोंडांचा स्प्लिटर साधारण साडेतीन डेसिबल खातो, म्हणजे सिग्नल अर्ध्यावर. दोन लावले की पाव. वर गंज आणि पाणी. मॉडेमने तरी काय करायचं?

दुसऱ्या दिवशी दादाला परत फोन केला. आधी माफी मागितली, मग आकड्यांचा स्क्रीनशॉट पाठवला. तो संध्याकाळी आला, दुसरा स्प्लिटर काढून टाकला, दोन नवे कनेक्टर क्रिंप केले आणि पहिला स्प्लिटर घराच्या आत घेतला. वीस मिनिटांचं काम. येणारा सिग्नल उणे सहा, एसएनआर ३६, जाणारा ४५. मी पैसे विचारले तर म्हणाला, चहा चालेल.

एक राहिलंच. रात्री नऊ ते अकरा स्पीड अजूनही उतरतो. पण तुटत नाही. ती वेगळी भानगड आहे: या केबलवर आजूबाजूची घरं एकच वाट वापरतात आणि त्या वेळी सगळेच मॅच नाहीतर सिरीज बघत असतात. तिथे माझ्या छज्जावर चढून उपयोग नाही. दादाला विचारलंय, फायबर कधी टाकतोय. गणपतीनंतर म्हणतोय. कोणत्या वर्षीच्या, ते मी विचारलं नाही.

बहिणीची मुलाखत परत लागली, गुरुवारी. मी मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करून शेजारच्या खोलीत बसलो होतो. लागला नाही.