कोरड्या डोळ्यांसाठी जेल

डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, संध्याकाळी चुरचुरतं, आणि गंमत म्हणजे मधूनच पाणीही येतं. हे बहुतेकदा कोरडेपणाचं लक्षण असतं. मोबाइलकडे टक लावून पाहताना आपल्या पापण्या कमी मिटतात, अश्रूंचा पातळ थर लवकर सुकतो. वय, पंख्याचा थेट वारा आणि काही औषधं यांचीही त्यात भर पडते.

अशा वेळी डॉक्टर वंगणाचे थेंब किंवा जेल देतात. जेल दाट असल्यामुळे थेंबांपेक्षा जास्त वेळ टिकतं. मात्र थोडा वेळ धूसर दिसतं. म्हणून ते झोपण्यापूर्वी घालावं, आणि घातल्यावर लगेच गाडी चालवू नये. हात धुवा, कॉन्टॅक्ट लेन्स काढा, खालची पापणी हलकेच ओढून तयार होणाऱ्या खाचेत एक थेंब सोडा. ट्यूबचं टोक डोळ्याला लागू देऊ नका. दुसरे थेंब चालू असतील तर ते आधी घाला आणि 5 ते 10 मिनिटांनी जेल. बहुतेक ट्यूब उघडल्यावर महिन्याभरात टाकून द्यायच्या असतात. वेष्टनावरची सूचना वाचा.

दुकानातून मनानेच स्टेरॉइडचे थेंब मात्र कधीही आणू नका. डोळा दुखत असेल, लाल झाला असेल किंवा नजर मंदावली असेल, तर थेट नेत्रतज्ज्ञांकडे जा.