भाग ३४ : वऱ्हाड देऊन नगर वाचवलं

(भागाचं लिखित रूप. ऐकताना चालतं पण वाचताना अडखळतं, तेवढंच सारखं केलंय. बाकी बोललो तसंच.)

यवतमाळहून बोलतोय. मागून ट्रॅक्टरचा आवाज आला तर सांभाळून घ्या, कापसाच्या गाड्या सुरू झाल्यात आणि आमचं घर पडलं रस्त्यावरचं.

मागच्या भागात कबूल केलं होतं की बायझंटाइनची मोहीम कशी गेली ते सांगीन. तर आधी ते. गेम आपला नेहमीचा, युरोपा युनिव्हर्सॅलिस फोर. तारीख ११ नोव्हेंबर १४४४. आपल्या हातात काय, तर कॉन्स्टँटिनोपल शहर, खाली मोरियाचा तुकडा आणि अथेन्सचा एक मांडलिक. एके काळचं रोमन साम्राज्य म्हणे! आणि आजूबाजूला सगळा उस्मानी तुर्क. गादीवर आठवा योहान्नेस, पॅलिओलोगस घराण्यातला, त्याला मूल नाही. तीन वेळा हरलो. चौथ्यांदा जमलं ते असं, की सुरुवातीलाच कर्ज काढून गॅली जहाजं बांधली, तुर्काची फौज आशियाच्या बाजूला लढाईला गेली तेव्हा युद्ध जाहीर केलं आणि सामुद्रधुनीत जहाजं आडवी लावली. फौज पलीकडे, शहर अलीकडे. कर्ज काढायची तर आपल्याकडे सवयच आहे, त्यामुळे तेवढ्या बाबतीत मला काही शिकावं लागलं नाही.

खऱ्या इतिहासात असं झालं नाही, हे तुम्हाला माहीत आहे. एप्रिल १४५३ मध्ये एकवीस वर्षांचा सुलतान, दुसरा मेहमेद, शहराला वेढा घालून बसला आणि २९ मे रोजी शहर पडलं. ५३ दिवस. आत लढणारे सगळे मिळून सात-आठ हजार. तोफांच्या गोष्टी सगळे सांगतात, मला त्यातली सुरुंगांची गोष्ट आवडते. तुर्कांनी सर्बियातले खाणकामगार आणून तटाखाली बोगदे खणले. आतून योहानेस ग्रँट नावाचा एक जण ते बोगदे हुडकायचा आणि समोरून आपला बोगदा खणून ते मोडायचा. जमिनीवर सगळं शांत आणि खाली दोन बाजूंची माणसं अंधारात एकमेकांकडे खणत चाललीत. हे लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

आणि घराणं म्हणाल तर, योहान्नेसचे भाऊच त्याचे अर्धे शत्रू. त्यातल्या दिमित्रिओसने तर १४४२ मध्ये तुर्कांचीच मदत घेऊन भावाच्या शहरावर चाल केली होती. शेवटचा सम्राट कॉन्स्टंटाइन तटावर मेला, तेव्हा उरलेले दोन भाऊ मोरियात एकमेकांशी भांडत होते. भाऊबंदकी फक्त आपलीच, असं कोणी म्हणालं तर त्याला हे सांगा.

आता खरा विषय. दिवाळीत वणीहून बहीण आली होती, तिची दोन्ही मुलं घेऊन. भाची अकरावीत, भाचा आठवीत. भाचा माझ्या मागे बसून ही मोहीम बघत होता. जिंकल्यावर मला वाटलं वाहवा करेल. तो म्हणाला, "मामा, आपल्याकडे असं काई झालं नाई का?"

झालं की. आणि इथेच, म्हणजे आपल्या दख्खनेत, दीडशे वर्षांच्या आत झालं. नगरचा वेढा. चांदबिबी.

चांदबिबी म्हणजे घोड्यावर बसलेली बाई, हातावर ससाणा, एवढंच चित्र आपल्या डोक्यात असतं. पण ती त्या वेळी चाळिशी ओलांडलेली, विधवा, आणि राज्यकारभारात मुरलेली बाई होती. बाप हुसेन निजामशाह. नगरचा भुईकोट दगडात बांधला तो त्यानेच. आई खुंझा हुमायूनने मुलगा लहान असताना राज्य चालवलेलं. नवरा विजापूरचा अली आदिलशाह. तो १५८० मध्ये मारला गेला आणि मग पुतण्या इब्राहिमला गादीवर बसवून हिने विजापूर सांभाळलं. माहेर मात्र पेटलेलं. भाऊ मुर्तझा, त्याला त्याच्या पोटच्या मुलाने १५८८ मध्ये मारलं. दुसरा भाऊ बुऱ्हाण, तो अकबराच्या आश्रयाला जाऊन राहिला, मग येऊन गादीवर बसला आणि १५९५ मध्ये गेला. त्याचा मुलगा इब्राहिम काही महिन्यांतच विजापूरकरांशी लढताना मेला. म्हणजे जे विजापूर तिने वाढवलं, त्यांच्याशीच लढताना माहेरचा राजा मेला. असली बाई कोणत्या गेममध्ये घालणार तुम्ही?

मागे राहिलं तान्हं पोर, बहादूर. चांदबिबीच्या भावाचा नातू. आणि दरबारात चार गट. मियाँ मंजूने भलताच एक मुलगा अहमद म्हणून गादीवर बसवला, बहादूरला चावंडच्या किल्ल्यात डांबलं. हबशी सरदारांचा वेगळा उमेदवार, तिसऱ्या गटाचा तिसरा. मियाँ मंजूला वाटलं आपण हरतोय, म्हणून त्याने गुजरातेत असलेल्या अकबराच्या मुलाला, शहजादा मुरादला, मदतीला बोलावलं. मग परिस्थिती सुधारली तेव्हा त्याला पश्चात्ताप झाला, पण मुराद निघाला होता. दिमित्रिओस आठवला ना?

तर हे सगळं मी भाच्याला सांगितलं आणि आम्ही चार्टपेपर आणला. संगणकावर नको म्हटलं, बाबांनाही खेळता आलं पाहिजे. भुईकोट काढला, बाहेर खंदक. सुरुंगाच्या पाच चिठ्ठ्या, कारण मुरादच्या लोकांनी तटाखाली पाच सुरुंग भरले होते. मुघल खेळाडूने त्या कुठे पुरल्या ते लिहून उलट्या ठेवायच्या. नगरकडे एक "खबर" नावाचं पान. फेरिश्ता लिहितो की मुघल छावणीतल्याच एकाने रात्री येऊन सुरुंग कुठे आहेत ते आतल्यांना सांगितलं. ते पान टाकलं की दोन चिठ्ठ्या उलटायच्या. डिसेंबर ते फेब्रुवारी असा काळ, दर आठवड्याला छावणीतलं धान्य कमी. आणि एक नियम मला स्वतःला फार आवडतो. मुघल बाजूला दोन खेळाडू, मुराद आणि खान-ए-खानान अब्दुर्रहीम. दोघांनी एकमेकांशी न बोलता आपापली चाल लिहायची. खरंच त्या दोघांचं पटत नव्हतं आणि वेढ्याला ते भोवलं.

भाची चांदबिबी झाली. तिने विचारलंच नाही, पत्ते सरळ उचलले. बाबा मुराद, मी खान-ए-खानान. आमचं दोघांचं तसंही पटत नाही, त्यामुळे खेळ एकदम ऐतिहासिक झाला. बाबा दर वेळी हल्ला लिहायचे, मी थांबा लिहायचो. भाच्याला काहीच उरलं नाही. तो रुसला. मग नकाशाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक मोठा तुकडा रंगवलेला होता, वऱ्हाड, तो त्याला दिला. म्हटलं, तू वऱ्हाड. आपला मुलूख.

सांगायचं म्हणजे, तेव्हाचं वऱ्हाड निजामशाहीकडे होतं, तेही जुनं नाही. आधी इमादशाहीचं वेगळं राज्य होतं, गाविलगड-एलिचपूरचं. १५७४ मध्ये मुर्तझा निजामशाहने ते गिळलं. आपला यवतमाळ जिल्हा त्यातच. आईन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्यातल्या सरकारांची यादी आहे, त्यात आपलं कळंब आहे, माहूर आहे. कळंब हे तेव्हा असं ठाणं होतं. आज बसमधून जाताना चिंतामणीला हात जोडतो आणि पुढे निघतो आपण.

खेळ रंगला. बाबांचा एक सुरुंग उडाला. खऱ्या वेढ्यातही फेब्रुवारी १५९६ मध्ये एकच नीट उडाला, पण तटाला सुमारे ५० यार्डांचं खिंडार पडलं. आतले सरदार पळायच्या बेतात. चांदबिबी चिलखत घालून, तोंडावर बुरखा, हातात तलवार घेऊन त्या खिंडारात उभी राहिली. मुघल बाकीचे सुरुंग उडायची वाट बघत थांबले, ते उडालेच नाहीत, कारण आतून बोगदे खणून ते निकामी केलेले. कॉन्स्टँटिनोपलचा ग्रँट करत होता तेच. संध्याकाळपर्यंत हल्ले झाले, अंधार पडल्यावर थांबले, आणि रात्रीतून तिने भिंत पुन्हा उभी केली. सकाळी मुघल बघतात तर तट पुरुषभर उंच. तोफगोळे संपल्यावर तिने सोन्याचांदीची नाणी तोफेत भरली अशीही दंतकथा आहे. भाचीला ती फार आवडली, तिने घरातली एक रुपयाची नाणी चार्टवर आणून ओतली.

इतका वेळ भाचा गप्प. मग म्हणाला, "मामा, माही चाल कवा येते?"

मी नियमांचा कागद बघितला. वऱ्हाडची चाल मी लिहिलीच नव्हती.

म्हटलं, थांब, येईल. तोवर छावणीतलं धान्य संपत आलं, विजापूरची फौज मदतीला निघाल्याचं पान आलं. इब्राहिम आदिलशाहनेच पाठवलेली, तिने वाढवलेला तो. इकडे आत भाचीकडेही माणसं उरली नव्हती. दोन्ही बाजू टेकीला आल्या, म्हणजे तह. खऱ्या तहात काय ठरलं? मुघलांनी वेढा उठवायचा, बहादूरला निजामशाह मानायचं. आणि बदल्यात वऱ्हाड मुघलांना. भाचीने एक मिनिट विचार केला आणि भावाच्या समोरचा तो रंगवलेला तुकडा उचलून बाबांच्या पुढे सरकवला. "घ्या आजोबा. शहर माझं राहिलं."

भाचा म्हणाला, "अन् मले कोणी विचारलं का?"

आम्ही हसलो. मी तर मोठ्याने. आणि विद्वत्ता पाजळायला लागलो, की अरे, वऱ्हाडला कधीच कोणी विचारलं नाही. १८५३ मध्ये निजामाकडे कंपनीच्या फौजेच्या खर्चाचं देणं थकलं, तेव्हा डलहौसीच्या काळात वऱ्हाड लावून दिलं. १९०२ मध्ये कर्झनने वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने घेतलं. वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड म्हणतात ते उगाच नाही, ज्याचं त्याचं देणं फेडायला आमची कुऱ्हाड. चांगलं चाललं होतं माझं.

बाबा हसत नव्हते. तो तुकडा हातात घेऊन बसले होते. म्हणाले, "मी बी नाई विचारलं त्याले."

कोणाला ते मला लगेच कळलं. आमचं कळंबच्या बाजूला वावर होतं, साडेचार एकर. मी बारावीत असताना दोन वर्षं लागोपाठ कापूस गेला. सोसायटीचं कर्ज होतं, एका खाजगी सावकाराचंही होतं, आणि यवतमाळचं हे घर गहाण पडलेलं. बाबांनी वावर विकलं, घर सोडवलं. या घरात बसूनच मी आज बोलतोय. आमच्याकडे ही गोष्ट नेहमी अशीच सांगितली जाते, की बाबांनी वावर देऊन घर वाचवलं. मीही मित्रांना तशीच सांगत आलोय, आणि अभिमानाने सांगत आलोय.

त्या वावरात आमचे सालदार होते. आम्ही त्यांना काकाजी म्हणायचो. पंधरा-सोळा वर्षं होते. बायको, दोन मुलं, वावरातल्याच झोपडीत. मला पोहायला त्यांनी शिकवलं. व्यवहार झाला तो गुढीपाडव्याच्या तोंडावर. आपल्याकडे सालदाराचं साल पाडव्याला ठरतं, त्यामुळे हिशोबाने काही चुकीचं झालं नाही, साल पूर्ण झालेलं, पैसे दिलेले. पण वावर विकायचं चाललंय हे त्यांना घेणाऱ्याकडून कळलं. तो ट्रॅक्टर घेऊन मोजणीला आला तेव्हा. घेणाऱ्याला सालदार नको होता. काकाजी घरी आले, ओट्यावर बसले, चहा प्यायले. काहीच बोलले नाहीत. मी आतल्या खोलीत बोर्डाचा अभ्यास करत होतो. बाहेर आलो नाही. येऊ शकलो असतो.

हे रेकॉर्ड करू का म्हणून मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, कर, नाव नको घेऊ त्याचं.

खेळाचं काय झालं ते सांगतो. इतिहासात तर तह टिकलाच नाही. मुराद वऱ्हाडात येऊन बाळापूरजवळ शाहपूर वसवून बसला, हद्दीवरून पुन्हा लढाया झाल्या, तो दारूपायी १५९९ मध्ये मेला. १६०० मध्ये दानियाल आला, पुन्हा वेढा. या वेळी चांदबिबी म्हणाली की किल्ला द्यावा आणि पोराला वाचवावं. तर आतल्याच लोकांनी फितूर म्हणून ओरडा केला आणि तिला मारून टाकलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत किल्ला पडला, बहादूरला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं. भाचीला हे मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. ती म्हणाली, मग वऱ्हाड कशाला देऊन बसली ती? मला उत्तर आलं नाही. चार वर्षं मिळाली, एवढंच म्हणता आलं. चार वर्षं म्हणजे पोर चालायला-बोलायला लागतं.

आणि भाच्याने वऱ्हाडची चाल लिहिली. दोन पानं, हिरव्या शाईने. दर आठवड्याला वऱ्हाडने धान्य कोणाला पाठवायचं ते ठरवायचं, नगरला, मुघलांच्या छावणीला, किंवा घरी ठेवायचं. तीन आठवडे घरी ठेवलं तर तहात वऱ्हाडचं नाव घालण्याआधी त्याच्याशी बोलावं लागतं. हे इतिहासाला धरून आहे का? नाही. पण आम्ही खेळून बघितलं आणि खेळ दुप्पट अवघड झाला, कारण आता बाबांची छावणी फेब्रुवारीच्या आधीच उपाशी मरते. समतोल अजून बसायचाय. नियमांच्या कागदाचा फोटो टाकतो, कोणी खेळून बघितलं तर सुरुंग पाचाऐवजी चार ठेवून बघा आणि मला कळवा.

बहीण भाऊबीज करून परत गेली. काकाजी आता नाहीत, हे बाबांनी कळंबला एकाला फोन करून विचारलं तेव्हा कळलं. धाकटा मुलगा पांढरकवड्याकडे जिनिंगवर कामाला आहे. त्याचा नंबर बाबांनी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलाय. चार दिवस झाले, अजून लावलेला नाही. मीही नाही.